डोळ्यांदेखत बदललेलं तेल

“शनिवारी तेल विकत आणू नये घरात. साडेसाती पाठी लागती,” असं मथुराबाईंनी सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. निकितानं तेव्हा मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीच्या लेखी तेलाला घनता असते, उकळण्याचं तापमान असतं, वार नसतो. आणि त्या शनिवारी मुरूम गावातल्या त्यांच्या घरात जे तेल आलं ते काही फोडणीचं नव्हतं. गाडीच्या इंजिनात घालायचं ऑइल होतं, सोनेरी डब्यातलं.

“आई, हे खायचं तेल नाही,” निकिता म्हणाली.

“तेल ते तेल. शनिमहाराज काय डब्यावरचं लेबल वाचून सोडून देत्यात व्हय?”

हा प्रश्न निकितानं कानाआड केला, कारण तिच्यापुढं त्याहून मोठा प्रश्न होता. संध्याकाळपर्यंत सासूबाईंना सोलापूरला न्यायचं होतं. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुण्याचे एक मोठे डॉक्टर फक्त रविवारी येत. शनिवारी दिवेलागणीच्या आत दाखल व्हायचं, रविवारी सकाळी मोतीबिंदू काढायचा, असं ठरलं होतं. तसं ते याआधीही ठरलं होतं. पहिल्या वेळी मथुराबाईंच्या माहेरचं कुणीतरी वारलं आणि सुतक निघालं. ते माहेरचं माणूस इतकं लांबचं होतं की ते जिवंत होतं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी सगळे गाडीत बसले आणि दहा महिन्यांची रेवा शिंकली. “तान्ह्या लेकराची शिंक लई कडक असती,” म्हणत मथुराबाई जी पिशवी घेऊन उतरल्या, त्या सरळ चहा टाकायला गेल्या.

डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आणखी पिकू दिला तर अवघड होईल. निकिताला तर तो आताच अवघड झाला होता. मथुराबाईंनी एकदा नातीच्या अंगाला पावडर म्हणून तांदळाचं पीठ चोळलं. ते ती हसण्यावारी नेऊ शकली. पण मागच्या आठवड्यात ग्राइपवॉटर समजून निलगिरीच्या तेलाची बाटली त्यांनी चमच्याशी नेली, तेव्हा निकितानं स्वयंपाकघरातून जी झेप घेतली ती शेजारच्या घरात ऐकू गेली. त्या दिवसापासून तिनं रेवाला सासूजवळ एकटं सोडलं नव्हतं. मथुराबाईंच्या मांडीला नातीची सवय होती. ती मांडी आता रिकामी असे, आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणीच काही बोलत नसे. हे ऑपरेशन या खेपेला व्हायलाच हवं होतं.

तर ऑपरेशन व्हायचं तर सोलापूर गाठायला हवं, सोलापूर गाठायचं तर गाडी चालायला हवी, आणि गाडी वाटेत बंद पडली तर मथुराबाई हायवेवरूनच परत फिरतील याची निकिताला पक्की खात्री होती. म्हणून तेल.

निकिताचा स्वभावच मुळी बघण्याचा होता. गॅस बंद केला तरी बटण पुन्हा दाबून बघायची, कडी लावली तरी ओढून बघायची. मागच्या सर्व्हिसिंगला ती नि नवरा गाडी शोरूमला घेऊन गेले होते. तिथं तिला काचेच्या खोलीत बसवलं, चहा दिला, आणि गाडी मागच्या शटरआड गेली. तासाभरानं धुऊनपुसून परत आली. निकितानं घरी येऊन तेल मोजायची कांडी बाहेर काढली आणि बोटानं बघितलं, तर तेल काळंकुट्ट.

“अगं, डिझेल गाडीचं ऑइल लगेच काळं पडतं,” तिचा नवरा रणधीर म्हणाला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता आणि भांडण टाळण्याइतकं विज्ञान त्याला येत होतं.

“कुणी सांगितलं?”

“शोरूमवाल्यानंच.”

“चोराला विचारलंत, चोरी झाली का म्हणून?”

तेव्हाच तिनं ठरवलं, पुढच्या वेळी तेल बदलायचं ते आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या अंगणात, आपल्या हातानं. रेवाला पाजता पाजता तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यांतला एक माणूस पांढरा शर्ट घालून गाडीखाली जाई आणि पांढऱ्याच शर्टात बाहेर येई.

रणधीरला हे पटत नव्हतं. “गॅरेजवाल्याला आपण पैसे कामाचे देत नसतो,” तो म्हणाला. “काम बिघडलं तर चूक त्याची, एवढ्यासाठी देतो. घरी केलं की चूक पण आपलीच.” तेल आण म्हणून तिनं त्याला सोमवारपासून सांगितलं होतं. तो रोज विसरला. शेवटी शनिवारच्या सकाळच्या शाळेवरून येताना त्याला आठवण राहिली, आणि अशा रीतीनं तेल नेमकं शनिवारी घरात आलं.

समोरच्या घरातले लालमहंमद सेंट्रिंगचं काम करत. स्लॅब टाकायच्या लोखंडी प्लेटा, बल्ल्या आणि फळ्या त्यांच्या दारात कायम रचलेल्या असत. त्यांनी चार जाड फळ्या दिल्या, रणधीरनं गाडीची पुढची चाकं त्यांच्यावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. रणधीरच्या एका हातात रेवा आणि दुसऱ्या हातात चालू व्हिडिओ. निकिता जुना ड्रेस घालून, पोतं अंथरून गाडीखाली गेली. मथुराबाई पायरीवर बसून बघत होत्या, किंवा त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं.

रस्त्यावरून गल्लीतली सिद्धम्मा चालली होती. तिला गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले.

“अय्यो! रणधीर, बायको गाडीखाली आली की काय रे?”

“आली नाही काकू, गेलीय. आपणहून.”

“कशाला?”

“तेल बदलायला.”

सिद्धम्मा कपाळाला हात लावून पुढं गेली, पण चार पावलांवर थांबली आणि मथुराबाईंकडं वळून बघितलं. त्याच वेळी निकिता नटाशी झुंजत असल्यामुळं तिला हे दिसलं नाही. दिवसभरात तिच्या नजरेतून सुटलेली ही पहिली गोष्ट.

नट एकाएकी सुटला. गरम काळं तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि तिथून घमेल्यात पडायला लागलं. “बघा! बघा किती काळं आहे!” ती खालून ओरडली. जुनं तेल काळं निघालं याचा इतका आनंद कुणाला कधी झाला नसेल. फिल्टरनं जरा वेळ दम काढला, मग तोही निघाला. नवा फिल्टर बसला, नट आवळून झाला. आता फक्त वरून नवं तेल ओतायचं राहिलं, आणि तेवढ्यात रेवानं सूर लावला. भूक.

निकिता कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासून रेवाला घेऊन आत गेली. रणधीरच्या शाळेच्या शर्टावर एक काळा शिंतोडा उडाला होता, तो आंघोळीला पळाला.

“तेल उघडं आहे, आई,” निकिता जाता जाता म्हणाली.

“मी बसलेय की हितं. कोण नेतंय तेल?”

रेवाला पाजायला बसलं की तिला झोप लागते आणि रेवाला झोप लागली की निकिताला हलता येत नाही. बऱ्याच वेळानं ती दबक्या पावलांनी बाहेर आली. घमेलं काळ्या तेलानं काठोकाठ भरलेलं, जिथल्या तिथं. सोनेरी डबा आडवा पडलेला. तिनं तो उचलला. रिकामा. उलटा केला, तेव्हा एक थेंब विचार करत करत खाली पडला.

“आई, डब्यातलं तेल?”

“दिलं की वाटून,” मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. “गाडीचं तेल काढलं म्हटल्यावर मागायला येत्यातच लोकं. लालमहंमदभाऊला प्लेटांना लावाय लागतंय, सिमेंट चिकटू नये म्हणून. सिद्धम्माच्या चौकटीला वाळवी लागलीय. वीरप्पा बी आलता. शनिवारी तेल दान करावं, पुण्य असतंय.”

“ते लोक काळं तेल मागायला आले असणार! तुम्ही नवं दिलंत!”

“आता मला काय दिसतंय का बाई, काळं नि गोरं?” मथुराबाईंनी डोळे मिचकावले. “मोतीबिंदू हाय म्हणूनच तर सोलापूरला नेताय न्हवं मला?”

 रणधीर टॉवेलवरच बाहेर आला, सगळं ऐकलं आणि शिक्षकी सवयीनं सारांश सांगितला, “म्हणजे इंजिनात जुनं नाही नि नवंही नाही.”

“तुम्ही शर्ट घाला आधी.”

“हे काळंच परत ओतलं तर? सोलापूरपुरतं?”

दोघांनी घमेल्यात बघितलं. घमेलं मागच्या वर्षी न्हाणीच्या कामाला आणलेलं होतं. त्याला चिकटलेला सिमेंटचा पोपडा गरम तेलानं सुटून वर आला होता, आणि त्याच्याशेजारी रेवाचा एक मोजा तरंगत होता.

“मग दुकानातून दुसरा डबा आणतो,” रणधीर म्हणाला.

“खबरदार,” मथुराबाई पायरीवरून म्हणाल्या. “एकदा आणलं, त्याचं काय झालं बघितलंस न्हवं? त्याच शनिवारी परत तेल आणलंस तर मी त्या गाडीत पाय ठिवायची न्हाय. पुढच्या महिन्यात बघू.”

“मग एसटीनं जाऊ.”

“एसटीत मला मळमळतंय.”

रणधीरनं बायकोकडं बघितलं. आईच्या श्रद्धेपुढं आणि आईच्या मळमळीपुढं त्याचं कधी काही चाललं नव्हतं. निकितानं रिकामा डबा उचलला. विकत आणायचं नाही तर नाही. दिलेलं परत आणायला कुठल्या शास्त्राची हरकत आहे? शेजारणीला दिलेली वाटीभर साखर परत मागताना जेवढा संकोच वाटतो, तेवढा बाजूला ठेवून ती निघाली. “रेवाकडं लक्ष ठेवा, ती कूस बदलली की उठते,” असं नवऱ्याला दोनदा सांगून मग निघाली.

लालमहंमद दारातच होते. त्यांच्या सेंट्रिंगच्या प्लेटा उन्हात अशा चमकत होत्या की त्यांत तोंड बघून भांग पाडावा.

“चाचा, तेल…”

“लाख शुकर बेटी! काय तेल काढलंस गाडीतनं! मी आयुष्यभर जळकं तेल लावलं प्लेटांना, पण इतकं साफ कधी बघितलं न्हाय. आमच्या घरवालीला, सरदारबीला म्हणलं बी, बघ, शिकल्या-सवरल्या माणसांची गाडी. वापरलेलं तेल सुदिक नव्यावानी निघतंय.”

“चाचा, ते नवंच होतं.”

लालमहंमदांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी प्लेटांकडं बघितलं, निकिताकडं बघितलं, पुन्हा प्लेटांकडं बघितलं. “या अल्ला. पण मी मागायला कुठं आलतो? वैनींचाच फोन आला. म्हणल्या, तेल निघालंय, डबा घेऊन या, लवकर या.”

“आईंनी फोन केला?”

“व्हय की. मघाशीच.”

निकिता तिथंच जरा थांबली. मथुराबाईंना मोबाइलवरचे आकडे दिसत नाहीत म्हणून नणंदेला रोज संध्याकाळी फोन तीच लावून देत असे. मग ती पुढच्या घरी गेली.

सिद्धम्माच्या घरातून धूर येत होता. देवघरापुढं समई काळीठिक्कर पडली होती आणि सिद्धम्मा पदरानं वारा घालत खोकत होती.

“काकू, तुम्हाला तेल वाळवीसाठी हवं होतं ना?”

“व्हय गं यव्वा. पण बघते तर काय, सोन्यासारखं पिवळं! एवढं चांगलं तेल वाळवीच्या घशात कशाला घालू? आज शनिवार. म्हणलं, दिवा तरी लावावा.” खोकल्याची एक उबळ आली. “तुझ्या गाडीला काय झालं गं? हिचं तेल तर नुस्ता धूर सोडतंय.”

“तुम्हाला कुणी बोलावलं होतं?”

“कुणी म्हणजे? मथुराबाईनंच. रस्त्यातनंच खुणावलं मला, हातानं, असं.” सिद्धम्मानं खूण करून दाखवली. इतक्या लांबून दिसावी अशी ती खूण होती, आणि इतक्या लांबून सिद्धम्मा आहे हे ज्याला दिसतं त्यानंच करावी अशी होती.

म्हातारे वीरप्पा आपल्या दारात बाजेवर पाय लांब करून बसले होते. धोतर गुडघ्यांच्या वर गेलेलं, दोन्ही गुडघे तेलानं चकचकीत.

“ये पोरी, ये. तुझ्या तेलानं लई हलकं वाटायलंय बघ. वातावर उतारा हाय ह्यो. अजून आसंल तर दे.”

“आबा, ते गाडीचं तेल आहे!”

“मग? म्या बी जुनं मॉडेलच हाय.”

“आईंनी तुम्हाला गुडघ्याला लावा म्हणून दिलं?”

“न्हाय, म्या बैलगाडीच्या आसाला मागितलं. घमेल्यात भांडं घालाय लागलो तर मथुराबाई म्हणल्या, त्यातलं घेऊ नका आबा, हात काळं होतंय. ह्या डब्यातलं न्या, कोरं हाय. मग म्हणलं, कोरं हाय तर आसाला कशापायी?”

निकितानं वीरप्पांचे गुडघे ओल्या फडक्यानं पुसून काढले, साबण लावून धुवा म्हणून बजावलं, आणि रिकामा डबा घेऊन परत आली. वाटेत तिला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं. घमेल्यातलं काळं आणि डब्यातलं कोरं, दोन्ही बरोबर ओळखून माणसानं नवं तेल वाटलं होतं. जिथं तिथं बघत फिरणाऱ्या तिनं अंगणात बसलेल्या त्या एकाच माणसाकडं बघितलं नव्हतं.

पायरीवर मथुराबाई नव्हत्या. आत नव्हत्या. परसात नव्हत्या. रणधीर रेवाच्या पाळण्यापाशी बसून दोरी ओढत होता, त्यालाही ठाऊक नव्हतं.  निकिता धावत बाहेर आली आणि मग तिला दिसलं, फळ्यांवर तोंड वर करून उभ्या असलेल्या गाडीत, मागच्या सीटवर, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन मथुराबाई बसल्या होत्या. कुठंच जाऊ न शकणाऱ्या गाडीत.

निकिता दार उघडून शेजारी बसली. गाडी पुढून उचललेली असल्यामुळं दोघी मागं रेलल्या आणि दोघींना समोर फक्त आभाळ दिसत होतं.

“वीरप्पाआबा म्हणाले, डब्यातलं कोरं आहे हे तुम्हीच सांगितलंत,” निकिता म्हणाली.

मथुराबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “ह्या डाव्या डोळ्यानं दिसतंय अजून थोडंफार,” त्या शेवटी म्हणाल्या.

“मग असं का केलंत?”

“आत एकटीला नेत्यात म्हनं.”

“हो. पण आम्ही दाराशीच असणार.”

“जागीच ठिवत्यात. डोळा उघडा ठिवून त्यात कापाकापी करत्यात. विठाबाईच्या जावेचं केलं तवा तिनं सगळं बघितलं म्हनं.”

“तसं काही दिसत नाही आई. बधिर करतात.”

“तुला काय ठावं? तुझा केलाय का कुणी डोळा?” मथुराबाईंचा आवाज चढला आणि लगेच बसला. “तारीख ठरवलीस. रिपोर्ट काढलेस. कंचं लुगडं घेऊ, ते बी इचारलंस. गाडीचं तेल सुदिक तपासलंस. मला भ्या वाटतंय का, ते तेवढं कुणी इचारलं न्हाय.”

 निकिता खिडकीच्या काचेवरचा आपल्याच बोटांचा काळा ठसा पुसत राहिली, आणि तो आणखी पसरला.

“रेवाच्या वेळी माझं सिझर झालं ना,” ती म्हणाली, “तेव्हा मीही जागीच होते. समोर हिरवं कापड. पलीकडं काय चाललंय काही कळत नव्हतं. मला तेव्हा लई भ्या वाटत होतं.” घाईत तिच्या तोंडून सासूची भाषा आली. “आणि तुम्ही दाराबाहेर उभ्या होता. कशावरून माहितीय? तुमचा खोकला. मध्येमध्ये तुम्ही खोकत होता. मी म्हणत होते, आई आहेत. आई अजून आहेत.”

“मला खोकला न्हवता,” मथुराबाई म्हणाल्या. “तुला ऐकू यावं म्हणून खोकत हुते.”



“मग मी पण खोकेन,” निकिता म्हणाली.

“सारखं?”

“सारखं.”

“थांबलीस तर मी उठून बाहेर येईन. डोळा अर्धा असंल तरी.”

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. लालमहंमद आपला टेम्पो घेऊन दारात आले होते. मागं त्याच प्लेटा रचलेल्या. “वैनी, चला बसा,” ते खाली न उतरताच म्हणाले. “तुमचं तेल आता माझ्या प्लेटांवरनं काय निघायचं न्हाय. वाटेत अणदूरला ह्या टाकायच्या हायतच, तसंच पुढं सोलापूरला सोडतो. टेम्पोत तेल जुनंच हाय, शनिवारचा काय सवाल न्हाय.”

मथुराबाईंनी पिशवी सावरली. टेम्पोविरुद्ध त्यांच्याकडं तयार असं काहीच नव्हतं. त्यांनी रणधीरच्या कडेवर बाहेर आलेल्या रेवाकडं बघितलं. रेवा शिंकली नाही.

पुढं लालमहंमदांच्या शेजारी मथुराबाई आणि रेवाला घेऊन निकिता, इतकीच जागा होती. रणधीर मागं प्लेटांवर बसला. गतिरोधक आला की तो पुढून मागं जाई आणि ब्रेक लागला की मागून पुढं येई. जळकोटपर्यंत तो काहीतरी धरून ठेवायचा प्रयत्न करत होता. पण लालमहंमदांनी प्लेटांची एकही कड तेलावाचून सोडली नव्हती. अणदूरला प्लेटा उतरल्या, तेव्हा तिथल्या मुकादमानं आधी प्लेटांवरून हात फिरवला आणि मग रणधीरच्या पँटीकडं बघून म्हणाला, “गुरुजी, तुमाला बी लावून ठिवलंय की. स्लॅबमधून अलगद सुटताल.”

रविवारी सकाळी मथुराबाईंना आत नेलं. दारात निकिता उभी राहिली आणि खोकायला लागली. बाकावरची माणसं थोडी लांब सरकली. एका नर्सनं तिला मास्क दिला. दुसरीनं गरम पाणी दिलं. तिसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले, “मॅडम, हा खोकला किती दिवसांपासून आहे? छातीचा फोटो काढून घ्या, आणि बाळाला जरा दुसऱ्या कुणाकडं द्या.” निकितानं रेवाला रणधीरकडं दिलं, मान हलवली आणि पुन्हा खोकली. ऑपरेशन संपेपर्यंत तिनं दार सोडलं नाही. मथुराबाई बाहेर आल्या तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि चेहऱ्यावर परीक्षा पास झालेल्या मुलीचं समाधान. “मधी एकदा थांबली हुतीस,” त्या म्हणाल्या.

“पाणी पीत होते.”

“हां. मी बी तसंच समजले.”

पुढच्या बुधवारी निकितानं नवा डबा आणवून अंगणातच गाडीत तेल घातलं. सील स्वतः फोडलं, शेवटचा थेंब जाईपर्यंत डबा धरून ठेवला, कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. तोवर मथुराबाईंची पट्टी निघाली होती, आणि घरातल्या कुणालाही ज्याची कल्पना नव्हती ते सुरू झालं होतं. त्यांना दिसायला लागलं होतं. कोपऱ्यातली जाळी दिसली, पंख्यावरची धूळ दिसली, पातेल्याच्या बुडाची काजळी दिसली. “अशी भांडी घासत हुतीस व्हय गं इतके दिवस? बरं झालं दिसत न्हवतं.” रेवा आता दिवसभर त्यांच्या मांडीवर असे, आणि निकिता काय काय करते याच्यावर त्या मांडीवरून चार डोळे असत. आठवड्याभरानं मथुराबाईंनी रणधीरकडून गाडीचं बॉनेट उघडून घेतलं, कांडी ओढून काढली, बोटानं बघितली आणि सुनेला हाक मारली.

“निकिता, ह्ये तर काळंच हाय की. फसवलं तुला कुणीतरी.”

 फसवणारीचं नाव सांगायचं तर ते निकिताचं स्वतःचंच निघालं असतं. डिझेल गाडीचं ऑइल लगेच काळं पडतं, हे तिनं सासूला समजावून सांगितलं, आणि सासूनं मान हलवली.

आता डाव्या डोळ्याची तारीख आली आहे. उद्या शनिवार, दुपारी निघायचं. पिशवी भरलेली आहे, रिपोर्ट वर ठेवलेत, लुगडं ठरलंय, गाडी नीट आहे. रेवा आत्ताच निकिताच्या मांडीवर झोपली आहे आणि ती हलली तर उठेल; रणधीर शाळेत आहे. घर फार शांत आहे. मथुराबाई बऱ्याच वेळात दिसलेल्या नाहीत, आणि त्यांचा आवाजही नाही. तेव्हा तुम्ही, ही गोष्ट वाचणारे, मोकळेच आहात तर निकिताची एवढी विनंती आहे, जरा बघून येता का? परसात असतील, नाहीतर सिद्धम्माच्या ओट्यावर. काय चाललंय म्हणून दरडावू नका. शेजारी बसा, आणि भीती वाटते का, तेवढं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. घाई करू नका.